शनिवारची मराठी शाळा आणि सोमवारची इंग्रजी शाळा : दोघींची गाठ कशी घालायची

सोमवारी मुलं मला 'मिस' म्हणतात, शनिवारी 'काकू'. लंडनच्या पश्चिमेला स्लाऊ आहे, तिथल्या एका प्राथमिक शाळेत मी आठवड्याचे चार दिवस टीचिंग असिस्टंट असते आणि शनिवारी सकाळी दहा ते बारा आमच्या मराठी शाळेत शिकवते. काही मुलं दोन्हीकडे माझ्यासमोर असतात. पहिल्या वर्षी त्यांतल्याच एका सात वर्षांच्या मुलीला मी सोमवारी जेवणाच्या सुट्टीत विचारलं, "पोटभर जेवलीस का गं?" तिने आधी शेजारच्या मैत्रिणीकडे बघितलं आणि मग मान खाली घालून इंग्रजीत उत्तर दिलं. दोनच दिवसांपूर्वी हीच मुलगी खणखणीत आवाजात बाराखडी म्हणत होती. मराठी कुठे चालते आणि कुठे चालत नाही, हे तिचं तिनेच ठरवून टाकलं होतं. तिच्या दोन शाळांना एकमेकींची ओळखच नव्हती, तर ती बिचारी दुसरं काय ठरवणार?

ही ओळख करून द्यायला आम्हाला चार वर्षं लागली. तुम्ही इंग्लंडमध्ये कुठे शनिवार-रविवारची मराठी शाळा चालवत असाल किंवा सुरू करणार असाल, तर तुमची दोन वर्षं तरी वाचावीत म्हणून हे लिहिते आहे. स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम वेगळे आहेत, तिथल्या लोकांनी नियमांचा भाग आपल्याकडे ताडून बघावा.

आपल्या बहुतेक मराठी शाळांचं इंग्रजी शाळेशी नातं भाडेकरूचं असतं. हॉल घ्यायचा, खुर्च्या मांडायच्या, उचलायच्या, किल्ली परत द्यायची. आत काय शिकवलं जातं, हे त्या शाळेच्या एकाही शिक्षकाला माहीत नसतं. दोष त्यांचा नाही. आपण कधी सांगितलेलंच नसतं. खरं तर ही अपेक्षा फार जुनी आहे. सरकारने नेमलेल्या बुलक समितीच्या १९७५ च्या अहवालाने म्हटलं होतं की, शाळेचा उंबरा ओलांडताना मुलाला घरची भाषा बाहेर ठेवायला लागू नये. अल्पसंख्य समाजांतल्या मुलांच्या शिक्षणावरचा १९८५ चा सरकारी स्वान अहवाल मातृभाषा टिकवण्याची जबाबदारी मुख्य शाळांवर टाकायला तयार नव्हता. ती त्याने समाजाकडेच सोपवली. पण त्याच अहवालात स्थानिक शिक्षण खात्यांना सांगितलं होतं की, अशा वर्गांना शाळेच्या इमारती विनामूल्य द्याव्यात, पुस्तकांसाठी थोडे पैसे द्यावेत आणि तिथल्या शिक्षकांचा मुख्य शाळेतल्या शिक्षकांशी संबंध जोडावा. आज हॉल फुकट मिळत नाही, हे मलाही माहीत आहे. पण मुख्याध्यापकांशी बोलायला बसताना आपण काही जगावेगळं मागत नाही एवढं मनात पक्कं असलं, की आवाज आपोआप सरळ निघतो.

सुरुवात प्रवेश अर्जापासून

पहिलं काम घरातच करायचं आहे. शाळेत नाव घालताना अर्जावर 'पहिली भाषा' असा रकाना असतो. आपले कितीतरी पालक तिथे 'इंग्रजी' लिहितात. मुलाला वेगळ्या गटात बसवतील, मागे पाडतील, अशी भीती असते. काही जण 'हिंदी' लिहितात, कारण समोरच्या बाईंना तेच नाव ओळखीचं वाटेल असं त्यांना वाटतं. शिक्षण खात्याची व्याख्या साधी आहे: लहानपणी मुलाच्या कानावर जी भाषा पडली आणि घरी किंवा आपल्या लोकांत अजूनही पडते, ती त्याची पहिली भाषा. मूल इंग्रजी उत्तम बोलत असलं तरीही. आमच्याच शाळेत मराठी घरातली मुलं मी बोटांवर मोजू शकत होते आणि कागदावर मात्र एकच दिसत होतं. मुख्याध्यापकांच्या कागदावर आपण नसू, तर त्यांनी आपल्यासाठी वेळ कुठून काढायचा? कार्यालयात एक ओळीची विनंती केली की नोंद बदलता येते. शनिवारी सगळ्या पालकांना बसवून आम्ही हे सांगितलं, तेव्हा कुठे पुढच्या बोलण्याला पाया मिळाला.

कोणाला भेटायचं, कधी भेटायचं

थेट मुख्याध्यापकांना लांबलचक पत्र लिहू नका. प्राथमिक शाळेत परदेशी भाषांची जबाबदारी एखाद्या शिक्षकाकडे असते आणि ज्या मुलांची घरची भाषा इंग्रजी नाही त्यांच्याकडे बघणारा एक समन्वयक असतो. त्याला सगळे 'ईएएल'चा (म्हणजे 'इंग्रजी ही जोडीची भाषा' असलेल्या मुलांचा) माणूस म्हणतात. आपलं काम त्याच्याशी आहे. आपल्यापैकी एखादी आई शाळेच्या फाटकाशी रोज उभी असते, शिक्षकांना ओळखते. तिला सोबत घ्या. एखादे बाबा शाळेच्या गव्हर्नर मंडळावर पालक-प्रतिनिधी असतील, तर त्याहून चांगलं.

सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात कोणालाच कोणाची शुद्ध नसते. डिसेंबरात नाताळच्या नाटकाच्या तालमी, मेमध्ये सहावीच्या परीक्षा. जून महिना सगळ्यांत बरा. परीक्षा संपलेल्या असतात, पुढच्या वर्षाचं वेळापत्रक मांडलं जात असतं आणि साडेतीननंतर शिक्षक दोन घटका बोलायला मोकळे असतात.

पत्र पाच ओळींचं पुरे. आम्ही कोण, तुमच्या शाळेतली इतकी मुलं आमच्याकडे येतात, आम्ही तुमच्यासाठी या दोन गोष्टी करू शकतो, वीस मिनिटं भेटता येईल का. मागणी एकही नको. पहिल्या भेटीत हॉलचं भाडं कमी करायचा विषय काढला तर ती भेट भाड्याचीच होते. आमची पहिली भेट तशीच वाया गेली.

कागदपत्रं

यावर फार लिहीत नाही, पण हे नसेल तर पुढचं काही होणार नाही. शिकवणाऱ्या आणि मदत करणाऱ्या प्रत्येकाची डीबीएस तपासणी, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची सरकारी तपासणी, हवी. स्वयंसेवकांना त्याची सरकारी फी पडत नाही, मात्र छोट्या संस्थेला मध्यस्थ संस्थेमार्फत अर्ज करावा लागतो आणि ती तिचं शुल्क घेते. बालसुरक्षेचं लेखी धोरण हवं आणि त्यासाठी जबाबदार असलेल्या एका माणसाचं नाव हवं. सार्वजनिक दायित्वाचा विमा हवा. हजेरीपट आणि तातडीचे फोन नंबर दर शनिवारी हाताशी हवेत. शाळेबाहेरच्या अशा वर्गांसाठी शिक्षण खात्याने ऑक्टोबर २०२० मध्ये एक आचारसंहिता काढली. ती डोळ्यांखालून घाला. आपली जागा दुसऱ्यांना देताना त्यांची सुरक्षिततेची व्यवस्था तपासणं हे शाळेचं कर्तव्य आहे. त्यामुळे तुम्ही मागण्याआधीच ही फाइल पुढे केलीत तर समोरच्याच्या खांद्यावरचं एक ओझं उतरतं. आमच्याकडे भेटीचा सूर बदलला तो त्या निळ्या फाइलमुळेच.

द्यायची पहिली गोष्ट: नावं

आम्ही शाळेला सगळ्यांत आधी मुलांची नावं दिली. आजवर केलेल्या कामांत मला हेच सगळ्यांत मोलाचं वाटतं.

आपली आडनावं रोमन लिपीत कशी दिसतात ते एकदा इंग्रज डोळ्यांनी वाचून बघा. काळे हे आडनाव तिथे 'केल' होतं, म्हणजे एक पालेभाजी. मोरे होतात 'मोर', माने होतात 'मेन', साने होतात 'सेन', गोरे होतात 'गोर'. सगळे इंग्रजीतले चालू शब्द, म्हणून वाचणाऱ्याला आपण चुकतोय अशी शंकाही येत नाही. ज्ञानदा हे नाव डी, एन, वाय असं सुरू झालेलं पाहिलं की हजेरी घेणारी शिक्षिका तिथेच अडखळते आणि ती अडखळली की अख्खा वर्ग मागे वळून बघतो. आठवड्यातून पाच वेळा. वर्षभर. मग एके दिवशी ज्ञानदा म्हणते, मला 'डी' म्हणा. आणि घरी आईला कळतसुद्धा नाही.

कसं करायचं ते सांगते. शनिवारी प्रत्येक मुलाला फोनसमोर स्वतःचं नाव तीनदा म्हणायला लावा: दोनदा सावकाश, एकदा नेहमीसारखं. पाच-सात सेकंदांचं काम. आवाज मुलाचाच हवा, तुमचा नको. कारण मुलगा घरी स्वतःचं नाव जसं म्हणतो तेच त्याचं नाव. पालकांची लेखी परवानगी घ्या. मग शिक्षकांच्या साप्ताहिक बैठकीत वीस मिनिटं मागा. आम्ही तिथे तीनच गोष्टी शिकवल्या. 'ज्ञ' कसा म्हणायचा, 'ळ' म्हणताना जीभ कुठे वळते आणि 'त' व 'ट' वेगळे कसे. मोठमोठी माणसं आरशात बघावं तशी एकमेकांच्या तोंडाकडे बघत 'ळ' म्हणत होती. दुसऱ्या दिवशी एक शिक्षिका व्हरांड्यात मला थांबवून म्हणाल्या, मी त्या मुलाला दोन वर्षं चुकीच्या नावाने हाक मारली, त्याने मला सांगितलं का नाही?

माहिती कोणी कोणाला द्यायची

शाळा तुम्हाला एखाद्या मुलाची प्रगती सांगू शकत नाही आणि तुम्हीही पालकांना न विचारता शाळेला त्याच्या अभ्यासाबद्दल काही कळवू शकत नाही. माहिती संरक्षणाचा कायदा इथे कडक आहे आणि असावाच. वाट एकच, पालकांच्या हातून. त्यासाठी आम्ही एक पान तयार केलं. हे मूल मराठीत काय काय करू शकतं: घडलेली गोष्ट क्रमाने सांगतं का, 'का' आणि 'कसं' विचारतं का, तीन पायऱ्यांची सूचना ऐकून तसं करतं का, किती वाचतं. खाली एक उदाहरण, मुलाच्याच शब्दांत, सोबत इंग्रजी अर्थ. हे पान आई किंवा बाबा वर्गशिक्षिकेला नेऊन देतात.

या पानाची किंमत मला एका सहा वर्षांच्या मुलामुळे कळली. तो नाशिककडून येऊन आठ महिने झाले होते आणि सोमवार ते शुक्रवार तो एक अक्षर बोलत नव्हता. नव्या भाषेत आलेली मुलं असा काही काळ गप्प असतात, हे शिक्षकांना माहीत असतं, पण आठ महिने झाल्यावर वर्गात काळजी सुरू झाली होती. शनिवारी मी त्याला आजोबांच्या द्राक्षबागेबद्दल विचारलं. तो चार मिनिटं न थांबता बोलला. घड औषधात कसे बुडवतात, मग कात्रीने विरळणी कशी करतात, नंतर पेटीत कागद घालून घड कसे ठेवतात, आणि एकदा गारा पडल्या तेव्हा आजी काय म्हणाली. 'आधी', 'मग', 'नंतर' सगळं जागच्या जागी. ते आम्ही पानावर उतरवलं आणि त्याच्या आईने ते शाळेत नेलं. पुढच्या आठवड्यापासून शिक्षिका त्याला आधी माझ्याशी मराठीत बोलू द्यायच्या, मग चित्र काढायला लावायच्या, मग चित्रावरून इंग्रजी. उन्हाळ्यापर्यंत तो बोलायला लागला.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. एका मुलीचं पान भरताना आमच्या लक्षात आलं की तिची मराठीही अडते आहे. वाक्य अर्धवट सुटतं, सूचना निसटते. दोन्ही भाषांत अडचण असेल तर ती इंग्रजी कमी येण्याची अडचण नसते. दोन भाषांमुळे भाषेचा विकार होत नाही, पण विकार असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो, म्हणून वाचातज्ज्ञही घरच्या भाषेबद्दल आवर्जून विचारतात. त्या पानामुळे तिला तज्ज्ञाकडे पाठवायचा निर्णय लवकर झाला. आपल्या मुलांचं चांगलं तेवढंच लिहायचा मोह होतो. तो टाळा.

घ्यायची गोष्ट: वाचन शिकवण्याची पद्धत

ही देवाणघेवाण आहे, तेव्हा घेतानाही संकोच नको. मी पहिलीच्या वर्गातला उच्चार-वाचनाचा तास मुद्दाम मराठी शाळेच्या नजरेने पाहिला. तिथे जूनमध्ये मुलांची एक छोटी चाचणी होते, चाळीस शब्दांची. त्यातले निम्मे शब्द निरर्थक असतात, म्हणजे मूल पाठांतरावर वाचतंय की अक्षरं जोडून, ते कळतं. मला एकदम आमची बाराखडी आठवली. आमची मुलं ती धडाधड म्हणायची आणि 'मीनूने' वाचताना अडायची.

मग आम्ही शनिवारी तसंच केलं. क्रम आपल्याकडचाच जुना, ग म भ न. चारच अक्षरं, त्यांना एक काना, एक वेलांटी, आणि लगेच शब्द. प्रत्येकाच्या हातात छोटी पांढरी पाटी, लिहायचं आणि वर धरायचं, म्हणजे मागे बसलेलं मूलही लपत नाही. आणि दर आठवड्याला पाच निरर्थक शब्द: 'गमो', 'नूभी', 'मेगू'. ज्यांना बाराखडी पाठ होती त्यांतली निम्मी मुलं पहिल्या दिवशी अडली. ते बघून वाईट वाटलं, पण कुठून सुरुवात करायची ते कळलं. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर मोफत मिळतात, ती आम्ही वापरतो. मात्र पहिलीचं पुस्तक हे घरी-दारी मराठी बोलणाऱ्या मुलासाठी केलेलं आहे. आपली मुलं मराठी समजतात आणि उत्तर इंग्रजीत देतात. म्हणून चित्रं आणि कविता तिथून घ्या, धड्यांचा क्रम स्वतः लावा.

वर्गात मराठी कशी न्यायची

फ्रेंच किंवा स्पॅनिशच्या जागी मराठी शिकवा असा आग्रह धरू नका. नियमाने बघितलं तर २०१४ पासून तिसरी ते सहावीला एक परदेशी भाषा सक्तीची आहे आणि ती कोणतीही असू शकते, पण शिक्षक कुठून आणणार? दहा मिनिटं मागा. पूर्व लंडनच्या रेडब्रिजमधल्या न्यूबरी पार्क प्राथमिक शाळेने 'महिन्याची भाषा' हा उपक्रम चालवला, मुलंच आपली भाषा शाळेला शिकवतात. तो नमुना दाखवला की शिक्षकांना लगेच कळतं.

दिवस कोणता? २१ फेब्रुवारीचा मातृभाषा दिन बऱ्याचदा इथल्या अर्ध्या सत्राच्या सुट्टीत सापडतो. त्यापेक्षा २७ फेब्रुवारी धरा, कुसुमाग्रजांचा जन्मदिन, आपला मराठी भाषा गौरव दिन. मार्चच्या पहिल्या गुरुवारी इथे पुस्तक दिन असतो, तेव्हा शाळा आधीच गोष्टींच्या वातावरणात असते. आम्ही भोपळ्यात बसून लेकीकडून परत येणाऱ्या म्हातारीची गोष्ट सांगितली. मी मराठीत, वर्गशिक्षिका इंग्रजीत, एकेक वाक्य. 'टुणूक टुणूक' सगळ्या वर्गाने म्हणायचं. मुलांना 'ट' आणि 'ण' जमेना, तेव्हा मी जेवणाच्या सुट्टीत मान खाली घालणाऱ्या त्या मुलीला पुढे बोलावलं. ती तीस मुलांसमोर उभी राहिली आणि जीभ कशी वळवायची ते तिने दाखवलं. त्या आठवड्यात मैदानावर सगळीकडे टुणूक टुणूक चाललं होतं.

हॉल आणि खाऊ

शनिवारी दिवाळीची रांगोळी आम्ही हॉलच्या लाकडी फरशीवर काढली आणि झाडून घेतली. सोमवारी लहान मुलं अनवाणी व्यायामाला आली आणि फटींतली रांगोळी त्यांच्या पायांना लागली. साइट मॅनेजरने बोलून दाखवलं, आणि ते बरोबरच होतं. आता रांगोळी मोठ्या काळ्या कागदावर काढतो आणि तो कागद शाळेला सोमवारी दर्शनी भिंतीवर लावायला देतो. साइट मॅनेजरची ओळख मुख्याध्यापकांच्या ओळखीइतकीच जपा.

खाऊचं मात्र फार सांभाळा. शेंगदाणे तर नकोतच. तीळसुद्धा इथल्या चौदा ॲलर्जीकारक पदार्थांच्या यादीत आहे. म्हणजे संक्रांतीचा तिळगूळ शाळेच्या इमारतीत नको. तो घरी वाटा, शाळेत 'गोड बोला'च्या चिठ्ठ्या करा.

मोठ्या मुलांसाठी

गुजराती, पंजाबी, बंगाली, उर्दूला जीसीएसई, म्हणजे इथली सोळाव्या वर्षीची शालान्त परीक्षा, आहे. मराठीला नाही. त्यामुळे बारा-तेराव्या वर्षी मुलं गळतात, आणि याचं मला फार वाईट वाटतं. २०१५ मध्ये परीक्षा मंडळांनी यांतल्या काही भाषांच्या परीक्षा बंद करायचं जाहीर केलं होतं. त्या त्या भाषकांनी आवाज उठवला आणि २०१६ मध्ये त्या चालू राहणार हे ठरलं. त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. त्यांच्या शनिवारच्या शाळा एखाद्या माध्यमिक शाळेला परीक्षा केंद्र म्हणून जोडून घेतात, उन्हाळी परीक्षेची नावं फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत जातात आणि तोंडी परीक्षेसाठी ती भाषा जाणणारा माणूस शाळेला आधीच मिळवून देतात.

परीक्षा नाही म्हणून आपल्या मुलांना काहीच मिळत नाही असं नाही. तरुणांसाठीच्या ड्यूक ऑफ एडिंबरा पुरस्काराचा कांस्य टप्पा नववीत सुरू करता येतो. त्यात 'कौशल्य' विभागात मराठी लेखन-वाचन बसतं आणि 'स्वयंसेवा' विभागात शनिवारच्या शाळेत लहानांना शिकवणं बसतं. किमान तीन महिने, आठवड्याला साधारण तासभर. शाळेतल्या पुरस्कार-प्रमुखाला आधी विचारून मान्यता घ्या. शेवटचा अहवाल मराठी शाळेच्या प्रमुखांनी लिहायचा. इथल्या बारावी-तेरावीच्या मुलांना ईपीक्यू, म्हणजे स्वतः विषय निवडून करायचा प्रकल्प, घेता येतो, त्यातल्या सर्वोच्च श्रेणीला विद्यापीठ प्रवेशासाठी २८ गुण धरले जातात. विषय आजोबांच्या गावच्या बोलीचाही असू शकतो. आमच्याकडे आता चौदा-पंधरा वर्षांच्या चार ताया-दादा दर शनिवारी लहानांना पाट्या वाटतात. आमच्या डोक्यावरचा भार तर हलका झालाच, पण लहानांना मराठी बोलणारा मोठा दादा दिसतो, हे जास्त मोठं.

जुलैतलं शेवटचं काम

असं सगळं जमलेलं नातं एका माणसाच्या बदलीने तुटू शकतं. आमच्या ओळखीच्या समन्वयक बाई शाळा सोडून गेल्या तेव्हा सप्टेंबरात आम्हाला पुन्हा पहिल्यापासून ओळख सांगावी लागली. म्हणून दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसं ठेवा आणि ठरलेलं एका पानावर लिहा: हॉल कोणत्या शनिवारी, आम्ही वर्गात कधी येणार, तक्रार असेल तर कोणाला फोन करायचा. दोघांच्या सह्या. जुलैत सत्र संपायच्या आधी अर्धा तास भेटा, वर्षात काय झालं ते बोला आणि पुढच्या वर्षी कोणतं मूल कोणाच्या वर्गात जाणार हे पालकांकडून समजून घ्या. मग परवानगीचे कागद ताजे करून नावांच्या ध्वनिफिती नव्या वर्गशिक्षिकांकडे पोहोचवा, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सकाळी हजेरी घेण्याआधी त्या एकदा तरी ऐकल्या जातील.